एम.ए.चा शोधप्रबंध: नियोजन, लेखन आणि सेमिनारमध्ये अर्धवट काम मांडण्याची भीती

रानजाई

नमस्कार. समाजशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शोधप्रबंध सादर करायला २८ आठवडे उरलेत. विषय मंजूर झालाय: 'उतारवयातील लोक आणि मोबाइलवरचे आर्थिक व्यवहार'. मार्गदर्शक चांगल्या आहेत. शिवाय विभागात दर पंधरा दिवसांनी प्रबंधाचा सेमिनार असतो. आम्ही आठ जण, एक शिक्षक, दोन तास. दर वेळी दोघांची पाळी, म्हणजे प्रत्येकाला वर्षात तीनदा आपलं काम मांडता येतं.

माझी पहिली पाळी गेल्या आठवड्यात होती. मी मैत्रिणीशी अदलाबदल करून ती पुढे ढकलली, कारण दाखवण्यासारखं काही नाही असं वाटलं. आतापर्यंत ४० च्या वर लेख वाचलेत, वहीभर टिपणं आहेत, पण प्रबंधाचं म्हणावं असं एक पानही लिहिलेलं नाही. आणखी वाचलं की आणखी वाचायचं निघतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. लिहायला बसण्याआधी किती वाचायचं? सेमिनारमध्ये नेमकं काय न्यायचं? आणि २८ आठवड्यांचं गणित कसं मांडायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहिलंत तर खूप मदत होईल.

भिंगरी

अगं, पाळी पुढे ढकलू नकोस. मी हेच केलं होतं म्हणून सांगते.

मला पहिल्या दोन्ही पाळ्यांना 'अजून तयार नाही' असंच वाटत राहिलं. एकदा तब्येतीचं कारण दिलं, एकदा नुसती विषयाची ओळख करून देऊन वेळ मारून नेली. तिसऱ्या पाळीला ३४ पानांचं प्रकरण घेऊन गेले. नीट टंकलेलं, तळटीपा वगैरे सगळं. वर्गातल्या एकाने अगदी साधेपणाने विचारलं, "हे सगळं कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?" मला उत्तर देता आलं नाही. त्या ३४ पानांतली जेमतेम दहा-बारा प्रबंधात राहिली, आणि तेव्हा हातात सात आठवडे होते. तोच प्रश्न कुणी मला दोन पानांवर विचारला असता तर दोनच पानं फाडावी लागली असती.

तिसरा_तास

मी गेली अकरा वर्षं पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा प्रबंध-सेमिनार घेतो आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो.

'सेमिनार' हा शब्द लॅटिनमधल्या 'सेमिनारियम'वरून आला. त्याचा अर्थ रोपवाटिका. वाफ्यात रोपं दाटीने लावलेली असतात, काही उपटली जातात, काही दुसरीकडे लावली जातात. तिथे कुणी फळ घेऊन येत नाही. मी पहिल्याच तासाला हे सांगतो, तरी दर वर्षी निम्मे विद्यार्थी फळ पिकेपर्यंत थांबतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळेपासून आपल्याला पूर्ण झालेलंच दाखवायची सवय लागलेली असते, आणि अर्धवट दाखवलं की गुण जातात हा अनुभवही खराच असतो.

रानजाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. दोन ते तीन पानं न्या, त्याहून जास्त नकोत. सगळ्यांना तीन दिवस आधी पाठवा, म्हणजे बैठकीचा वेळ वाचण्यात जाणार नाही. आणि वर अर्ध्या पानाची चिठ्ठी जोडा: काम कोणत्या टप्प्यावर आहे, तुम्ही कुठे अडला आहात, आज कशावर बोलणं हवं आहे आणि कशावर नको. हे शेवटचं फार महत्त्वाचं. 'शुद्धलेखन आणि भाषा आज सोडून द्या, प्रश्न पटतो का एवढंच बघा' असं लिहिलं नाही, तर लोक ऱ्हस्व-दीर्घ काढत बसतात. तेच सगळ्यात सोपं असतं.

बैठकीत पहिली पाच मिनिटं तुम्ही बोला आणि मग गप्प राहा. शक्य असेल तर एखाद्या वर्गमित्राला टिपणं घ्यायला सांगा. आपल्याच कामावर चर्चा चालू असताना माणूस बचावाच्या पवित्र्यात असतो. त्या वेळी लिहून घेतलेलं नंतर वाचलं तर निम्मं चुकीचं ऐकलेलं असतं.

आता मुळाशी येतो. तुमच्याकडे विषय आहे, प्रश्न अजून नाही. 'उतारवयातील लोक आणि मोबाइलवरचे आर्थिक व्यवहार' यावर आयुष्यभर वाचता येईल, म्हणूनच वाचन संपत नाही. मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी तपासायला सांगतो. ज्याला अनपेक्षित उत्तर येऊ शकतं असा हा प्रश्न आहे का? उत्तर मिळालं आहे हे कळण्यासाठी डोळ्यांसमोर काय दिसायला हवं? आणि ते तुम्हाला हातातल्या वेळात, हातातल्या ओळखींतून दिसू शकतं का? तिसऱ्या कसोटीवर बहुतेक प्रश्न गळतात, आणि ते वेळेत गळलेलेच बरे.

इथेच एक प्रश्न लिहून बघा. कच्चा चालेल.

रानजाई

भिंगरीताई, वाचून पोटात गोळा आला, पण सांगितलंत ते बरं झालं. पुढच्या बैठकीतली पाळी परत मागून घेते.

सर (किंवा मॅडम), प्रयत्न करते: 'उतारवयातील लोक मोबाइल बँकिंग का वापरत नाहीत?'

तिसरा_तास

सुरुवात झाली, छान. आता बघा, या प्रश्नाने 'वापरत नाहीत' हे आधीच ठरवून टाकलं आहे. तुम्ही वाचलेल्या लेखांतही हेच गृहीत असणार, बहुतेक 'अडथळे' हा शब्द सगळीकडे असेल. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या साठीपुढच्या व्यक्तीला डोळ्यांसमोर आणा. वीजबिल भरायचं आहे, फोन हातात आहे. पुढे नेमकं काय होतं? तत्त्व सोडा, दृश्य सांगा.

रानजाई

माझी एक मावशी आहे. ती चष्मा लावते, फोन उघडते, अ‍ॅपपर्यंत स्वतः जाते आणि मग फोन मुलाच्या हातात देते. पण तिथून उठत नाही. शेजारी बसून बघत राहते. म्हणजे ती वापरते की वापरत नाही, हे मलाच सांगता येत नाहीये!

तिसरा_तास

हाच तुमचा प्रश्न आहे. जे सांगता येत नाही त्याभोवती प्रबंध उभा राहतो. आता याला वाक्यात बसवा.

रानजाई

'साठीपुढच्या ज्या व्यक्ती स्वतःच्या फोनवरचा आर्थिक व्यवहार दुसऱ्याच्या मदतीने करतात, त्या व्यवहाराचा कोणता टप्पा दुसऱ्यावर सोपवतात, कोणता स्वतःकडे ठेवतात, आणि त्याची कारणं त्या काय सांगतात?'

लांबलचक झालंय, पण हे लिहिल्यावर वहीतली निम्मी टिपणं लागणार नाहीत हे लगेच दिसलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं बहुतेक.

दस्तऐवज

इथे थोडी वेगळी बाजू मांडतो. 'आधी प्रश्न, मग वाचन' हे मुलाखती आणि सर्वेक्षणांना लागू पडतं. मी इतिहासात एम.ए. केलं. माझा प्रबंध जमिनीच्या एका जुन्या नोंदवहीवर होता. तिच्यात नोंदी काय आहेत हे कळल्याशिवाय प्रश्न विचारणंच शक्य नव्हतं. चार महिने नुसतं वाचत होतो आणि मार्गदर्शक मला तसं वाचू देत होते, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. पहिल्याच महिन्यात प्रश्न लिहायला लावला असता तर मी पुस्तकांतला उसना प्रश्न आणून नोंदवहीवर लादला असता.

पण सेमिनार मात्र मीही टाळला नाही. पहिल्या पाळीला माझ्याकडे स्वतःचं एकही वाक्य नव्हतं, म्हणून नोंदवहीच्या एका पानाची छायाप्रत सगळ्यांना वाटली आणि एकत्र वाचायला बसलो. वीसेक मिनिटांनी एक मुलगी म्हणाली, "मधूनच हस्ताक्षर बदललंय." मी ते पान तोवर कितीतरी वेळा पाहिलं होतं आणि माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. नोंदी करणारा माणूस का बदलला, तिथून माझा प्रबंध सुरू झाला.

एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये इतिहासकार लिओपोल्ड फोन रांके विद्यार्थ्यांना घरी बोलावून मूळ साधनं एकत्र वाचून घ्यायचे. इतिहासाच्या सेमिनारची परंपरा तिथून बळावली. म्हणजे सेमिनारमध्ये लिहिलेलंच न्यायला हवं असं नाही, कच्चा मालही नेता येतो.

तिसरा_तास

दस्तऐवज, मान्य. माझा अनुभव समाजशास्त्रापुरता आहे आणि मी तो सगळ्यांना लागू असल्यासारखा लिहिला. रानजाईंनीही एखाद्या मुलाखतीतला अर्धा पान उतारा नेला तर उत्तमच.

शून्यशेष

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे आठवड्यांच्या गणितावर कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

काम आपल्या अंदाजापेक्षा नेहमी लांबतं. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याला नियोजनाचा भ्रम असं नाव दिलं. यावरचा एक गाजलेला अभ्यास तर थेट प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांवरच आहे. ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये तो प्रसिद्ध केला. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं की प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज निघाला ३३.९ दिवस. 'सगळं बिनसलं तर किती लागतील' याचा सरासरी अंदाज ४८.६ दिवस. प्रत्यक्षात सरासरी लागले ५५.५ दिवस. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही कमीच पडला. अंदाज करताना आपण आपल्या योजनेकडे बघतो, आधीच्या कामांना किती वेळ लागला होता तिकडे बघत नाही. म्हणून मागच्या वर्षीच्या दोघा-तिघांना विचारा की कोणत्या प्रकरणाला खरोखर किती आठवडे गेले.

आता शेवटाकडून मोजू. शेवटचे दोन आठवडे मांडणी, संदर्भसूची, छपाई आणि सह्यांसाठी. त्याआधीचे तीन मार्गदर्शकांचं वाचन आणि दुरुस्त्यांसाठी, कारण त्यांच्याकडे एकट्या तुमचाच प्रबंध नसतो. म्हणजे पूर्ण कच्चा खर्डा २३व्या आठवड्याअखेर हवा. तुमच्या 'अठ्ठावीस'मधले पाच इथेच गेले.

मुलाखती घेणार असाल तर लिप्यंतराचा वेळ धरा. हा सगळे विसरतात. एक तासाचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला नवख्याला पाच-सहा तास सहज लागतात. बारा मुलाखती म्हणजे ६० ते ७० तास. आठवड्याला दहा तास दिले तरी सहा-सात आठवडे. म्हणून सगळ्या मुलाखती संपवून मग उतरवायला बसू नका. एक घ्या, त्याच आठवड्यात उतरवा, मग पुढची. यात आणखी एक फायदा आहे: पहिलीत काय विचारायचं राहिलं ते दुसरीच्या आधी कळतं.

रानजाई

बाप रे, लिप्यंतर मी एका आठवड्यात संपवणार होते. बाराच मुलाखती पुरतील का? आमच्याकडे सगळे 'बारा' म्हणतात, पण का ते कुणी सांगत नाही.

शून्यशेष

हा आकडा बहुधा २००६ सालच्या एका लेखामुळे पसरला. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्या. त्यांना दिसलं की नवे मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच जवळजवळ संपले होते. पण त्या स्त्रियांच्या परिस्थितीत बरंच साम्य होतं आणि सगळ्यांना साधारण सारखेच प्रश्न विचारले होते. तुमचे लोक एकमेकांपासून फार वेगळे असतील, म्हणजे कुणी एकटं राहतं, कुणी मुलांसोबत, कुणी बँकेतूनच निवृत्त झालेलं, तर बारा अपुऱ्या पडतील. संख्या वाढवण्यापेक्षा गट आवळून घ्या. आणि प्रबंधात 'बारा पुरेशा असतात' असं न लिहिता तुमच्या बारामध्ये कितव्या मुलाखतीपासून नवं येईनासं झालं ते लिहा. परीक्षक तेच विचारतात.

पुस्तककीडा

ग्रंथालयात काम करते. दोन गोष्टी थोडक्यात.

टिपण काढताना पृष्ठक्रमांक तेव्हाच लिहा. सादरीकरणाच्या आठवड्यात एका अवतरणाचं पान शोधत पाच पुस्तकं चाळणारी मुलं दर वर्षी येतात आणि त्यांचे चेहरे बघवत नाहीत. लेखकाचे शब्द आणि तुमचे शब्द वहीत वेगळ्या रंगात ठेवा. वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणं लबाडीतून होत नाहीत. सहा महिन्यांपूर्वीचं टिपण आपलंच वाक्य वाटतं, म्हणून होतात.

संदर्भ साठवायला आणि सूची करायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा. २००६ पासून आहे आणि मोफत आहे. एखादा लेख नियतकालिकाने मागे घेतला असेल तर ते तशी सूचनाही दाखवतं. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने सुचवलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघितल्याशिवाय सूचीत घालू नका. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, अशा चिठ्ठ्या घेऊन विद्यार्थी माझ्याकडे आलेले आहेत.

अक्षरवेल

मी नोकरी करून एम.ए. करते आहे. सलग वेळ मिळतच नाही. रोज सकाळी चाळीस मिनिटं, एवढाच माझा हिशेब. उठताना पानाच्या शेवटी 'उद्या काय लिहायचं' याची एक ओळ लिहून ठेवते. ती ओळ नसेल तर चाळीसपैकी वीस मिनिटं कालचं वाचण्यातच जातात. प्रस्तावना अजून लिहिलेली नाही, ती शेवटी लिहीन. पद्धतीचं प्रकरण आधी लिहिलं, कारण त्यात मी काय केलं एवढंच सांगायचं असतं.

मला एक विचारायचं आहे, धाग्याला धरूनच. माझे मार्गदर्शक उत्तरच देत नाहीत. एक प्रकरण पाठवून सात आठवडे झाले. पुन्हा विचारायला संकोच वाटतो.

तिसरा_तास

अक्षरवेल, सात आठवडे फार झाले, आणि यात संकोच तुम्हाला वाटायचं कारण नाही. पण मार्ग असा काढता येतो: 'प्रकरण कसं वाटलं?' असं मोघम विचारू नका. त्यापेक्षा लिहा, 'दुसऱ्या प्रकरणात मी नमुना तीस जणांचा ठेवते आहे, कारण अमुक. शुक्रवारपर्यंत आपली हरकत आली नाही तर तसं पुढे जाते.' हो किंवा नाही म्हणायला एक मिनिट लागतं, आणि आजचं प्रकरण उद्यावर टाकणारा माणूस तेवढं करतो. प्रत्यक्ष भेट झाली तर त्याच दिवशी चार-पाच ओळींत काय ठरलं ते पाठवा. पुढे 'मी असं म्हणालोच नव्हतो' ही वेळ येत नाही. तरीही उत्तर नसेल तर विभागप्रमुखांना भेटा. ही तक्रार नव्हे, तुमचा हक्क आहे.

आणि तोवर सेमिनार आहेच. मार्गदर्शकाची जागा तो घेऊ शकत नाही, पण सात माणसांनी वाचलेलं प्रकरण कुणीच न वाचलेल्या प्रकरणापेक्षा कितीतरी पुढे असतं.

भिंगरी

+१. सेमिनारमधल्या उलटसुलट सूचनांचं काय करायचं, हेही सांगून ठेवते, नाहीतर घरी येऊन रडू येतं. एक म्हणतो सिद्धान्त वाढव, दुसरी म्हणते सिद्धान्त काढून टाक. मी दोन दिवस वही उघडायचे नाही. मग सूचनांची विभागणी करायचे: वाचणारा कुठे अडखळला, कुणी काय वाचायला सुचवलं, आणि कुणाची नुसती आवड बोलत होती. पहिला गट कधीही सोडायचा नाही. दोघांनी सिद्धान्ताबद्दल उलट सांगितलं, पण दोघं एकाच परिच्छेदापाशी अडखळले होते. तो परिच्छेदच धड नव्हता.

रानजाई

पाच आठवड्यांनी परत आले आहे. या धाग्याची छापील प्रत वहीत चिकटवून ठेवली आहे.

सेमिनार झाला. अडीच पानं, वर अर्ध्या पानाची चिठ्ठी, आणि मावशीच्या मुलाखतीतला एक उतारा. हात थंड पडले होते. पहिली दहा मिनिटं सगळे प्रश्नाच्या लांबीवरच बोलत होते. मग एका वर्गमित्राने विचारलं, "ओटीपी कोण वाचतं?" मी उतारा पुन्हा बघितला. मावशी म्हणाली होती, "आकडे मीच वाचून दाखवते. तो नुसता टाकतो." मी ते स्वतः उतरवलं होतं आणि त्यावरून पुढे गेले होते!

त्यानंतर दुसरी मुलाखत घेतली, शेजारच्या आजोबांची. त्यांनी न विचारता सांगितलं की रक्कम मुलगी टाकते, पण 'पाठवा' हे बटण ते स्वतः दाबतात. "पैसे माझे आहेत ना," असं म्हणाले. आता मुलाखतीचे प्रश्न पूर्ण बदललेत. 'अडचणी कोणत्या येतात?' हा पहिला प्रश्न काढून टाकला आणि 'शेवटचा व्यवहार कसा केलात ते पहिल्यापासून सांगा' हा घातला.

शून्यशेष, तुमचा हिशेब खरा निघाला. ५० मिनिटांचं ध्वनिमुद्रण उतरवायला साडेपाच तास लागले. गटही आवळला: फक्त मुला-सुनेसोबत किंवा मुलीसोबत राहणारे.

तिसरा_तास

मनापासून आनंद झाला. एक तातडीची गोष्ट सांगतो. मुलाखत देणारे बोलण्याच्या ओघात पिन किंवा पासवर्ड सांगून टाकतील. ते लिप्यंतरात येता कामा नये, आणि मूळ ध्वनिमुद्रणातूनही तेवढा भाग पुसायला हवा. संमतिपत्रात हे आधी लिहा: काय मुद्रित होईल, कुठे ठेवलं जाईल, कधी नष्ट होईल. आणि मुलगा शेजारी बसलेला असताना आईला 'मुलावर विश्वास आहे का' हे विचारता येणार नाही. मुलाखत एकांतात व्हायला हवी, किंवा निदान मुलगा हजर होता याची नोंद हवी.

रानजाई

मावशीच्या मुलाखतीत दादा शेजारीच होता. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती नोंद आजच करते. मावशीला पुन्हा एकटीला भेटावं का, हे मार्गदर्शकांना तुम्ही सांगितलंत तशा दोन ओळींत विचारते.

संमतिपत्र बदलून उद्या विभागात देते. तिसरी मुलाखत सोमवारी आहे आणि त्या काकू दुपारी घरी एकट्याच असतात. सेमिनारमधली दुसरी पाळी तीन आठवड्यांनी आहे, ती पुढे ढकललेली नाही.